पडल्यानंतरचे तीन सेकंद

पुण्यात शाळकरी मुलामुलींना रग्बी शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. त्याआधी मुंबईत दहाएक पावसाळे मी स्वतः फ्लँकर म्हणून, म्हणजे धरपकड करून चेंडू हिसकावणाऱ्याच्या जागी, खेळलो. त्यामुळे लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : एवढ्या झोंबाझोंबीत मोठा खेळाडू ओळखायचा कसा? क्रिकेटमध्ये धावा असतात, बळी असतात; इथे तर सगळे चिखलात एकावर एक पडलेले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा सविस्तरच सांगतो. या प्रश्नाला दोन वाक्यांत वाटेला लावलं की मला दिवसभर चुटपुट लागून राहते.

विचारणारे बहुतेकदा स्वतःच एक नाव घेतात : न्यूझीलंडचा जोना लोमू. 1995 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात केपटाउनला त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. त्यातला पहिला तर माइक कॅटला अक्षरशः तुडवून. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, एकशे अठराच्या आसपास किलो वजन आणि धावपटूचा वेग. लोमू थोर होता, यात वादच नाही. पुढे मूत्रपिंडाच्या आजाराशी झगडत तो ज्या जिद्दीने खेळत राहिला, ते आठवलं की आजही गलबलून येतं. पण सहा दिवसांनी जोहान्सबर्गला झालेला अंतिम सामना मुलांना दाखवताना मी पुन्हापुन्हा थांबवतो. लोमूच्या हाती चेंडू आला की दक्षिण आफ्रिकेचा एक जण त्याच्या पायांवर झेप घ्यायचा, आणि तो पुरता पडायच्या आत दुसरा पोचलेला असायचा. अंगाने कितीतरी लहान असलेल्या योस्ट व्हॅन डर वेस्टहायझनने त्याला खाली वाकून पायांतच पकडलं. लोमूला त्या दिवशी एकही ट्राय करता आला नाही. जादा वेळेत दक्षिण आफ्रिका 15-12 जिंकली. त्या झेपा घेणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला आठवतात?

साधा हिशेब करून बघा. सामना 80 मिनिटांचा. त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम निम्मा वेळ. मैदानावर खेळाडू 30. चाळीस मिनिटं तीस जणांत वाटली, तर एकेकाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. आपण मात्र नेमकं तेवढंच बघतो, कारण नजर चेंडूमागे धावते. मी सांगतो, एखादा सामना चेंडू सोडून बघा. एकच खेळाडू धरा आणि तो पडल्यानंतरचे तीन सेकंद बघा.

त्या तीन सेकंदांत काय होतं? समजा, तुम्ही चेंडू घेऊन पळणाऱ्याला टॅकल केलंत, म्हणजे धरून खाली पाडलंत. दोघेही जमिनीवर आदळलात. खांदा सुन्न झालाय, तोंडातल्या माउथगार्डला मातीची चव आहे, पाठीवर कुणाचा तरी गुडघा. नियम असा, की पडलेल्याने चेंडू सोडायचा आणि तुम्हीही त्याला सोडून आधी पायांवर उभं राहायचं. मगच चेंडूला हात लावायचा. जमिनीवर पडलेला माणूस खेळातून बाद असतो. म्हणून जो आधी उठतो, त्याला एक क्षणभर दार उघडं मिळतं. तेवढ्यात पाय फाकवून, कंबर खाली आणि डोकं वर ठेवून चेंडूवर हात रोवायचे. पुढच्याच क्षणाला समोरचे दोन-तीन जण तुमच्यावर येऊन आदळतात आणि दार बंद होतं. धापा टाकत असताना हे एका सामन्यात वीस वेळा करायचं असतं. विसाव्या वेळीही पहिल्यासारखंच उठतो, तो माझ्या लेखी मोठा खेळाडू.

न्यूझीलंडचा रिची मॅककॉ असाच होता. 148 कसोटी, त्यातल्या 110 कर्णधार म्हणून, आणि 2011 व 2015 असे लागोपाठ दोन विश्वचषक. तो संघातला सर्वात वेगवान नव्हता, सर्वात धिप्पाडही नव्हता. तरी कुठेही टॅकल झालं की तिथे दुसरा किंवा तिसरा पोचणारा माणूस तोच. तो नियमांच्या काठावर खेळतो, अशी प्रतिस्पर्ध्यांची कायम ओरड असायची. मला त्यात त्याचा अभ्यास दिसतो : आजचा रेफरी किती चालवून घेतो, हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असायचं. 2011 चा विश्वचषक तो पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला. अंतिम सामना एका गुणाने जिंकला, 8-7.

गुणांवरून आठवलं. 2023, पॅरिस, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, फ्रान्स विरुद्ध दक्षिण आफ्रिका. फ्रान्सने ट्राय केला. आता त्यानंतरची किक गोलपोस्टमधून गेली की आणखी दोन गुण. ट्राय खाल्लेला संघ तेव्हा गोलरेषेमागे उभा असतो, बहुतेक माना खाली घालून, पाणी पीत. पण किकर पाऊल टाकू लागला की त्याच्यावर धावून जायची मुभा असते. ती वापरतात फार थोडे, कारण चेंडू अडवता येणं जवळपास अशक्य. चेस्लिन कोल्बी, संघातल्या सर्वात बुटक्यांपैकी एक, रेषेवरून सुसाट सुटला, उडी मारली आणि चेंडू हातांनी अडवला. दक्षिण आफ्रिका 29-28 जिंकली. ते दोन गुण गेले असते तर? ट्राय खाल्ल्यावर, म्हणजे खेळ थांबल्यासारखा वाटत असताना तो खेळत होता. मी त्या रात्री एकटाच खुर्चीतून उभा राहिलो होतो. पुढे अंतिम सामना याच संघाने 12-11 जिंकला, एकही ट्राय न करता. पीटर-स्टेफ द्यु टॉइटने एकट्याने 28 टॅकल केले. 2020 मध्ये मांडीत रक्त साकळून ज्याचा पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली होती, तोच हा.

आपल्याकडे हे समजावणं खरं तर सोपं आहे, कारण कबड्डी आपल्या अंगात मुरलेली आहे. चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण गावातले जाणते पकडीच्या वेळी साखळीतल्या दुसऱ्याकडे बघत असतात : पहिल्याने घोटा धरल्यावर हा किती लवकर पोचला?

माझ्याकडे एक मुलगी आहे, चौदा वर्षांची. वडील मूळचे वाळव्याकडचे, तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेले. प्रत्येक सामन्याला ते छत्री घेऊन गोलपोस्टच्या मागे उभे राहायचे, कारण ट्राय तिथे होतात. मागच्या जुलैत सामना संपल्यावर हळूच म्हणाले, "सर, आमची पोरगी ट्राय कधी करणार? बाकीच्या पोरींच्या आया विचारतात."

मी म्हटलं, "दादा, साखळीत दुसरा कोण असायचा तुमच्या संघात?"

"मीच," ते म्हणाले आणि गप्प झाले.

पुढच्या सामन्याला पाऊस होताच. या खेपेला ते गोलपोस्टमागे दिसले नाहीत. बाजूच्या रेषेबाहेरून लेकीच्या बरोबरीने पुढे-मागे चालत होते. छत्री मिटून काखेत मारलेली, चपला चिखलात रुतताहेत, आणि चेंडू पलीकडच्या टोकाला गेला तरी नजर तिच्यावरच. ती पडली की त्यांची बोटं मोजायला लागायची.