तिरकी दोरी

घराच्या पायाच्या आखणीच्या दिवशी खुंट्या ठोकून होतात, सुतळी ताणली जाते, नारळही फुटतो. गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून कोपरेही पाहून झालेले असतात. तरी मिस्त्री रेघेवर चुन्याची फक्की टाकू देत नाही. टेपचं टोक एका कोपऱ्यावर धरायला लावून तो समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे चालू लागतो. कारण साधं आहे. गुण्याची भुजा असते फूटभर. तेवढ्यात मिलिमीटरभर चूक डोळ्याला दिसत नाही. दहा फुटांवर तीच सेंटिमीटरभर होते.

कर्ण मात्र चूक लपवत नाही, उलट फुगवून सांगतो. ४ मीटर बाय ३ मीटरची खोली घ्या. कर्ण ५ मीटर यायला हवा. कोपरा ९० ऐवजी ८९ अंशांचा झाला, तर समोरची भिंत पाच सेंटिमीटर सरकलेली असते, पण एक कर्ण ५.०४ मीटर भरतो, दुसरा ४.९६. फरक आठ सेंटिमीटरच्या वर! शिवाय इथे आकड्यांचीही गरज नाही. तुलनाच करायची असल्यामुळे टेप खोटा असला तरी बिघडत नाही, गाठ मारलेली सुतळीही चालते. फक्त दोन्ही वेळा ताण सारखा हवा. एकदा खेचून आणि एकदा झोळ ठेवून मोजलं की सगळं मुसळ केरात.

शाळेतली सिद्धता दोन ओळींची. आयत अबकड. त्रिकोण अबक आणि त्रिकोण बअड यांत अब सामाईक, बक आणि अड समोरासमोरच्या म्हणून सारख्या, मधले कोन काटकोन. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी. म्हणून अक आणि बड एकरूप. घोटाळा होतो तो त्रिकोण निवडताना. एक कर्ण काढला की अबक आणि कडअ हे दोन त्रिकोण कसे सुटे सुटे, देखणे दिसतात. मुलं तेच उचलतात. ते एकरूप आहेतच, पण त्यांची सामाईक बाजू म्हणजे खुद्द कर्ण, आणि दुसरा कर्ण तर चित्रातच नाही! हवे ते त्रिकोण एकमेकांवर चढून बसलेले असतात. शेजारी शेजारी वेगळे काढले की लगेच दिसतात.

पण मिस्त्रीचं काम या प्रमेयाने भागत नाही. त्याच्या हातात आयत असतो कुठे? त्याला तो करायचाय. त्याला लागतो व्यत्यास: समोरासमोरच्या बाजू सारख्या, कर्णही सारखे, तर कोपरे काटकोन. त्रिकोण तेच, कसोटी आता बाबाबा (तिन्ही बाजू). त्यामुळे अ आणि ब इथले कोन सारखे. अड आणि बक समांतर म्हणून दोघांची बेरीज १८०. म्हणजे प्रत्येकी ९०.

यातली पहिली अट गाळली की फसगत ठरलेली. एक भिंत ४ मीटर, समोरची चुकून ३.९० आणि दोन्ही बाजूंनी सारखी आत आलेली, तरी कर्ण तंतोतंत जुळतात. तो असतो समद्विभुज समलंब चौकोन, आणि त्याचा पत्ता लागतो फरशी बसवताना, कडेचे तुकडे पाचरीसारखे कापावे लागतात तेव्हा. म्हणून आधी समोरासमोरच्या भिंती, मग कर्ण.

फरक आला तर? एका लांब बाजूच्या दोन्ही खुंट्या त्या बाजूच्याच रेषेत, मोठा कर्ण आखडेल अशा दिशेने, फरकाच्या निम्म्याने सरकवायच्या. वरच्या खोलीत त्याने आठाचा फरक दीड-पावणेदोन सेंटिमीटरवर येतो. पुन्हा निम्मं सरकवा, तीन मिलिमीटर उरतात. हिशेब करणारा या खोलीत फरकाला १.६ ने (लांब बाजूची दुप्पट भागिले कर्ण) भागून एकाच फटक्यात काम उरकेल, पण खुंटी ठोकणाऱ्याला निम्मं करणं सोपं.

दोरीचा हा मान जुना आहे. शुल्ब म्हणजे दोरीच, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन नियमग्रंथात) पायथागोरसचं म्हणून आपण शिकतो ते प्रमेय त्रिकोणावर नव्हे, आयताच्या कर्णावर सांगितलंय. तिथे कर्णाचं नाव ‘अक्ष्णयारज्जु’, तिरकी दोरी. पुढे ३-४, ५-१२ पासून १५-३६ पर्यंत बाजूंच्या जोड्याही दिल्यात.

कर्ण एकमेकांना दुभागतात, हा गुण आखणीत फारसा वापरत नाहीत, पण खरी गंमत त्यातच आहे. सारख्या लांबीच्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्या, बरोबर मध्यावर टाचणीने जोडा आणि चार टोकांवरून रबरबँड ताणून बसवा. टाचणीपासून चारही टोकं सारख्या अंतरावर, म्हणून चारही त्रिकोण समद्विभुज. प्रत्येक कोपऱ्यात एक लहान आणि एक मोठा कोन. आठ कोनांची बेरीज ३६०, तेव्हा जोडी ९० ची. आता पट्ट्या कात्रीसारख्या मिटत न्या. आयत बारीक होत होत पट्टीएवढा उरतो, पण कोपरे शेवटपर्यंत काटकोनातच.