बारा की तेरा

जेवण झालं, पाऊस जरा उघडला, आडवं व्हायच्या आधी दोन गाणी वाजवू म्हणून गिटार काढली, तर पहिली तार बोटाला खरखरली. बोट उलटं करून पाहिलं, काळपट रेघ. पुण्यातला जुलै तारा खातोच, त्यात माझे हात घामट. कपाटाचा खण उपसला तर तारांची दोन पाकिटं निघाली, एक बाराचं, म्हणजे जरा बारीक तारांचं, आणि एक तेराचं, जाड तारांचं. दोन्ही मीच आणलेली, बहुधा वेगवेगळ्या मनःस्थितीत. पलंगावर मधे गिटार, दोन बाजूंना दोन पाकिटं अशी मांडामांड करून बसलो आणि आडवं व्हायचं राहिलं ते राहिलंच.

गिटार जंबो, म्हणजे मोठ्या अंगाची आहे, हाच सगळा घोळ. साधी गिटार असती तर दुकानातला पोरगा देईल त्या तारा लावून मोकळा झालो असतो. जंबोचा खालचा घेर सतरा इंचांच्या आसपास. डबलबेडवर ती आडवी ठेवली की दुसऱ्याने खाली चटई अंथरायची. कोथरूडचा एक मुलगा परदेशी निघाला होता, त्याच्याकडून घेतली. विमानात नेणं त्याला जमेना, यावरून काय ते समजा. दार उघडून मला तिच्यासकट आत घेताना बायको एवढंच म्हणाली, “अरे, ही वाजवायची आहे की हिच्यात राहायचंय?”

या घराण्याची मूळ माउली म्हणजे गिब्सनची एसजे-२००. मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या कारखान्यात १९३७ साली रे व्हिटली नावाच्या गाणाऱ्या काउबॉयसाठी ती घडवली. पडद्यावरच्या काउबॉयची गिटार, तेव्हा ऐकू येण्याआधी दिसायला हवी! तारा जिथे खाली अडकवतात तो ब्रिज चक्क मिशीच्या आकाराचा, तीही पीळ भरलेली. माझी काही गिब्सन नव्हे, साधी प्लायची आहे. पण मिशी तिलाही आहे, आणि मिशी आली की जाड तारांचा आग्रह आलाच.

आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे: मोठ्या पातेल्याला मोठा जाळ लागतो. गिटारची एवढी मोठी पुढची फळी हलवायची तर तार दणकट हवी, म्हणजे तेरा. बारा लावल्यात तर जंबो घेतलीत कशाला? मला हे ऐकताना पटतं. फक्त फळी मोठी असली तरी पातळ असते आणि मोठी पातळ फळी हलवायला तसा फार जोर लागत नाही, हे नंतर जिना उतरताना आठवतं. हल्ली बहुतेक कारखान्यांतून जंबोसुद्धा बाराच्याच तारा चढवून बाहेर पडते. तेरा लावल्या की खर्ज भरून येतो, कितीही झोडपा, सूर फाटत नाही. बारा लावल्या की अंगात झणझण येते, बोटांनी छेडायला बरं वाटतं. आणि जंबो ही फक्त झोडपायची गिटार, असं कुणी म्हणालं की मी रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं नाव पुढे करतो. हार्लेमच्या रस्त्यांवर गाणारा हा अंध माणूस हीच गिब्सनची जे-२०० नुसता अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर वाजवायचा आणि तिला ‘मिस गिब्सन’ म्हणायचा. दोन बोटांत जो डाव्या-उजव्या हाताच्या पियानोसारखं वाजवतो, त्याच्यापुढे गेजची, म्हणजे तारेच्या जाडीची, चर्चा करायची म्हणजे कमाल आहे. तरी आपण करतोच.

बारा म्हणजे पहिल्या, सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. पुढच्या पाच तारा तिच्या मागून येतात. बाराच्या पाकिटात शेवटची ५३, तेराच्या पाकिटात ५६. नावं तर पाहा: बारा म्हणजे ‘लाइट’ आणि तेरा म्हणजे ‘मीडियम’. बाराच्या तारांवर एफची बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाखाली सगळ्या तारा दाबून, धरून दाखवा आणि मग तिला लाइट म्हणा. नाव ठेवणारा नक्की तालमीत जाणारा असणार. शकुन बघायचा म्हटलं तरी पंचाईतच, एकीकडे बारा वाजतात, दुसरीकडे तीन तेरा.

दोघींमधला फरक एक हजारांश इंचाचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम चाळिसावा भाग. एवढ्याशा फरकाने बोटं का ओरडतात याचं उत्तर आमच्या घरी रात्री वीज गेल्यावर मिळायचं. अंधारात मुलांनी दंगा करू नये म्हणून वडील तीसपर्यंतचे वर्ग म्हणायला लावत. कंदिलाची काच पुसत ते “तेराचा?” म्हणायचे आणि मी हमखास अडकायचो. बहीण स्वयंपाकघरातून ओरडायची, “एकशे एकोणसत्तर!” आणि वडील काच पुसता पुसता म्हणायचे, “तिला नाही विचारलं.” तर, सूर तोच आणि लांबी तीच ठेवली की तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६३६ साली हा तारांचा हिशेब मांडून ठेवला आहे. बाराचा वर्ग १४४, तेराचा १६९. जाडी आठ टक्क्यांनी वाढली, ताण सतरा. सहा तारांची बेरीज केली तर बाराच्या संचाला साधारण १६० पौंड आणि तेराच्या संचाला १८५ च्या आसपास. किलोत ७३ आणि ८४. आपण झोपलेलो असताना, प्रवासाला गेलेलो असताना त्या पातळ फळीवर एवढी ओढ चालूच असते. मिशीवाला ब्रिज मागून उचलला गेला म्हणून कुणी कुरकुर केली की मला त्या गिटारचीच दया येते.

यातून निघायच्या वाटा आहेत. तेराचा संच लावून सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की ताण जवळजवळ बाराच्या जागेवर येतो. आवाज भरदार राहतो, बोटं शिव्या देत नाहीत, आणि आमच्या वयाच्या मंडळींची पट्टी नाहीतरी खालीच सरकलेली असते. दुसरी वाट म्हणजे बारीक तीन तारा बाराच्या पाकिटातल्यासारख्या आणि जाड तीन तेराच्या. असा संच तयारच मिळतो, त्याला ‘ब्लूग्रास’ म्हणतात. अत्यंत समंजस तोडगा. मी तो कधीही घेणार नाही. का, ते विचारू नका. अर्धं हे नि अर्धं ते मला जेवणाच्या ताटातसुद्धा चालतं, पण तारांत नाही.

उतरवलेल्या तारा मी टाकत नाही. जाड तारांनी बाल्कनीतली जाई गजांना बांधली आहे. पहिली तार बायको मागून घेते, शेगडीच्या बर्नरची भोकं साफ करायला. दूध उतू गेलं की त्या भोकांत जो काळा, कडक लेप बसतो, तो टाचणीने निघत नाही. ही तार बरोबर आत जाते, टोकाशी अडते, चिमटीत धरून फिरवली की काजळीचा एवढासा मणी बाहेर येतो. तिचं मत तेराच्या बाजूने आहे. बाराची वाकते म्हणे. गेजबद्दल मला ठामपणे सल्ला देणारी ती घरातली एकटीच.

नंबर वाढला की तार जाड, हे माझ्या डोक्यात बसायला बराच वेळ गेला, कारण मिरजेत ते उलटं होतं.

आम्ही सांगलीत, आत्या मिरजेला. ती गाणं शिकवायची. तिच्या तंबोऱ्याच्या तारा बदलायच्या असल्या की मला बरोबर घेऊन जायची, कारण टांग्यात भोपळ्याची बाजू मांडीवर घेऊन बसायला कुणीतरी लागायचं. गवसणीतून सुद्धा तो भोपळा गार लागायचा, आणि टांगा खड्ड्यातून गेला की आत चारही तारा आपापसात काहीतरी बोलायच्या. सतारमेकरांच्या गल्लीत शिरलं की चपड्याचा वास. आढ्याला पंढरपूरकडून आलेले सुके भोपळे टांगलेले, जमिनीवर तुणाच्या लाकडाच्या सालपटांचा थर. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपलं आणि ते हात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरातली बातमी वाचताना मला आधी आठवला तो वास.

भिंतीवर खिळ्यांना तारांची वेटोळी अडकवलेली, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. मी बत्तीस नंबर दाखवून आत्याला म्हटलं, ही सगळ्यात जाड दिसते. दुकानातल्या सतारमेकर चाचांनी ते वेटोळं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. केसाएवढी तार. पोलादी पट्टीच्या भोकांतून तार जितक्या वेळा ओढाल तितकी ती बारीक होते आणि नंबर तितका चढतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. गिटारच्या पाकिटावर जाडी मोजतात, इथे मेहनत मोजायचे. गंमत म्हणजे सतारीच्या बाजाला, म्हणजे मुख्य तारेच्या जागी, चढवतात ती तीस नंबरची तार आणि गिटारच्या बाराच्या पाकिटातली पहिली तार जाडीला जवळजवळ सारखीच. आणि पाकिटावर ‘ब्राँझ’ छापलेलं असतं, पण ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त म्हणजे आपलं पितळच की! आत्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तारही पितळी होती.

चाचा तंबोऱ्याचा आकार बघायचे नाहीत, घेर मोजायचे नाहीत. गवसणी सोडण्याआधीच विचारायचे, “बाई, पट्टी?”

“काळी चार.”

म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. मग हात खिळ्यांकडे जायचा. एवढा मोठा भोपळा समोर असून कुणी म्हणायचं नाही की मोठ्या भोपळ्याला जाड तार हवी. कोण गाणार आणि कुठल्या सुरात, यावर सगळं ठरायचं. तारा चढल्या की घोडीवर प्रत्येक तारेखाली दोरा सरकवत, कान जवळ नेऊन जवारी, म्हणजे तारेचा गुंजता आवाज, काढत बसायचे. दोरा तसूभर पुढे, आवाज बंद. तसूभर मागे, आवाज फुलला. मला कंटाळा यायचा आणि मी सालपटांच्या अंगठ्या करायचो.

पुढे मी कॉलेजात असताना आत्याबरोबर पुन्हा एकदा गेलो होतो. तेव्हा तिची साठी उलटली होती. पट्टी विचारल्यावर तिने नेहमीसारखंच “काळी चार” म्हटलं. चाचा लगेच उठले नाहीत. पाऊसपाण्याचं विचारलं, विद्यार्थिनींचं विचारलं, थोरल्या मुलीचं लग्न कसं झालं ते विचारलं, चहा मागवला. आत्या बोलत राहिली आणि ते खाली मान घालून खुंटी साफ करत राहिले. मग त्यांनी तारा निवडल्या, चढवल्या, जवारी काढली, पैसे घेतले.

संध्याकाळी घरी आत्या तंबोरा लावायला बसली. काळी चारला आणला तर तो आखडला, तारा ताठ, जवारी बोलेना. तिने खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पुन्हा छेडून पाहिलं. मला वाटलं आता चाचांच्या नावाने ओरडणार. तिने खुंट्या हळूहळू सैल केल्या. काळी तीनला येताच तंबोरा एकदम खुलला, आत दिवा लागावा तसा. तारा काळी तीनच्या होत्या. एवढ्या गप्पांत त्या माणसाने तिचा आवाज ऐकून घेतला होता. आत्या थोडा वेळ नुसती छेडत राहिली आणि मग काळी तीनमधून पूरिया गायली. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि पुढच्या वेळी तारा बदलायला गेली तेव्हाही पट्टी काळी चारच सांगितली म्हणे.

गळा उतरला की तंबोऱ्याला तार जाड लागते. बोटं उतरली की गिटारला बारीक. हे दोन नियम एकाच माणसाला एकाच वेळी लागू झाले तर त्याने काय करायचं, हे मर्सेनने लिहिलेलं नाही.

डाव्या हाताची अनामिका हल्ली सकाळी वाकते ती वाकलेलीच राहते. दुसऱ्या हाताने सरळ करावी लागते आणि सरळ होताना कट् असं वाजते. हाताच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं, ट्रिगर फिंगर म्हणाले, आणि टेबलावरून मान वर न करता विचारलं, “गिटार वाजवता ना? तारा कशा असतात, जाड?”

“छे हो,” मी म्हटलं, “लाइट.”

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, मग इंजेक्शनचं एवढ्यात नको, पुढच्या महिन्यात बघू.