आमची वाटचाल : पंपाच्या दुरुस्तीकडून पंपाच्या निगेकडे

कोल्हापूर परिसरात पंपदुरुस्तीचा व्यवसाय उभा राहिला याची कारणे या भागातच आहेत. पंचगंगा, कृष्णा आणि वारणा या नद्यांवरील उपसा सिंचन योजना, साखर कारखाने आणि इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योग यांचे सेंट्रिफ्युगल (पात्यांचे चक्र फिरवून पाणी फेकणाऱ्या) पंपावाचून एक दिवसही चालत नाही. शिवाय लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसवलेली किर्लोस्करवाडी जवळच असल्याने पंप उघडणारे आणि जुळवणारे कसबी फिटर येथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. अशाच एका फिटरने, म्हणजे माझ्या वडिलांनी, नव्वदच्या दशकात गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात एक लेथ घेऊन ही फर्म सुरू केली.

सुरुवातीची कामे ठरावीक होती : ग्लँडची (दांड्याजवळून पाणी गळू न देणारी) दोरी बदलणे, झिजलेली शाफ्ट स्लीव्ह (दांड्यावरची संरक्षक नळी) नवी बसवणे, बेअरिंग आणि वेअर रिंग (चक्राभोवतीची झिजणारी कडी) बदलणे. गळीत हंगाम संपला की कारखान्यांचे पंप गाळ्यावर येत आणि पावसाळ्यानंतर दुरुस्त होऊन परत जात. मात्र काही पंप दरवर्षी तोच बिघाड घेऊन येत असत, आणि तेच सुटे भाग पुन्हा विकण्यात वडिलांना समाधान नव्हते. म्हणून त्यांनी हंगाम चालू असताना, पंप जागेवर फिरत असतानाच तो पाहायला जाण्याचा पायंडा पाडला. आमच्या कामाला खरी दिशा तेथून मिळाली.

एका साखर कारखान्यातील स्प्रे पाँडच्या (गरम पाणी फवारून थंड करण्याच्या तळ्याच्या) पंपाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्याचा इम्पेलर (पाणी फेकणारे पात्यांचे चक्र) दर हंगामात पात्यांच्या मुखाशी खड्डे पडून खराब होत असे आणि चालताना पंपातून खडी फिरत असल्यासारखा आवाज येत असे. हे कॅव्हिटेशन होते, म्हणजे सक्शनकडील (पाणी आत ओढण्याच्या बाजूचा) दाब फार कमी झाल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन ते इम्पेलरमध्ये फुटत होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी पंपात ढकलणारा हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या 10.3 ऐवजी सुमारे 9.7 मीटर पाण्याच्या स्तंभाइतकाच मिळतो. कंडेन्सरकडून (वाफ थंड करणाऱ्या यंत्राकडून) आलेले पाणी 45 अंश सेल्सिअसचे असले, तर त्याच्या बाष्पदाबापोटी त्यातून आणखी जवळपास एक मीटर वजा होतो. उरलेल्यात सक्शनची उंची, गाळाने निम्मी बुजलेली जाळी आणि पंपाच्या तोंडालाच बसवलेला एल्बो (पाइपचे काटकोनी वळण) यांचे नुकसान भागवायचे होते, ते भागत नव्हते. आम्ही सक्शनची पाइप एका मापाने मोठी केली, एल्बो मागे नेऊन पंपापूर्वी सरळ पाइप ठेवली आणि हवा अडकू नये म्हणून सपाट बाजू वर असलेला एक्सेंट्रिक रिड्यूसर (मोठी पाइप लहान तोंडाला जोडणारा, एका बाजूने सपाट तुकडा) बसवला. जाळी प्रत्येक पाळीत साफ करण्याची जबाबदारी कारखान्याने घेतली. त्यानंतरच्या हंगामात त्या पंपाला नवा इम्पेलर लागला नाही.

वारंवार बेअरिंग जाण्याच्या तक्रारीतही आम्ही प्रथम पाइपलाइन पाहतो. कपलिंगवर (पंप व मोटार यांच्या जोडावर) डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून फ्लँजचे (पाइप पंपाला जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट सैल केले आणि काटा हलला, तर पाइपचा ताण पंपावर येतो आहे हे निश्चित होते, आणि तो काढल्याशिवाय केलेले अलाइनमेंट (पंप व मोटार एका रेषेत आणणे) टिकत नाही.

दुसरा मोठा प्रश्न गरजेपेक्षा मोठ्या पंपांचा आहे. सल्लागार, खरेदी विभाग आणि कारखाना असे प्रत्येक जण सुरक्षिततेसाठी थोडे वाढवून धरतात, आणि शेवटी डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाण्याच्या बाजूची झडप) अर्धा मिटवून पंप चालवावा लागतो. इम्पेलरचा व्यास 5 टक्के कमी केला तर ढोबळमानाने हेड (पंप पाणी जितक्या उंचीपर्यंत चढवू शकतो ती उंची) 10 टक्के आणि लागणारी वीज 14 टक्के कमी होते. असे काम लेथवर एका दिवसात होते. जुन्या इम्पेलरवरून साचा काढून केलेल्या स्वस्त नकला मात्र आम्ही बसवत नाही, कारण झिजलेल्या पात्याचा कोन नकलेतही उतरतो आणि कार्यक्षमता कायमची जाते.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत नदीकाठची अनेक पंपघरे बुडाली. मोटारी स्वच्छ पाण्याने धुऊन, भट्टीत वाळवून, मेगरने (विद्युतरोधन मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज जोडायची नाही, हा नियम आम्ही शेतकऱ्यांची घाई समजत असूनही मोडला नाही. गाळ शिरलेली बेअरिंग वरून फिरत असली तरी काढून टाकली. पाणी चढण्याआधी ज्यांनी मोटारी उचलून घेतल्या होत्या, त्या योजना सर्वांत आधी सुरू झाल्या.

आता आम्ही प्रत्येक पंपाशेजारी एक वही ठेवायला सांगतो. सक्शनचा व डिलिव्हरीचा दाब, मोटारीचे अँपिअर आणि बेअरिंगचे तापमान एवढे तिच्यात प्रत्येक पाळीला लिहायचे असते. दाब आणि अँपिअर दोन्ही उतरले तर चालक आधी सक्शनची जाळी आणि हवेची गळती पाहतो. दाब उतरून अँपिअर वाढले तर पंप गरजेपेक्षा जास्त पाणी देत असण्याची शक्यता तो तपासतो. ज्या पंपाच्या नोंदी हंगामभर स्थिर राहिल्या, तो केवळ बंद हंगाम आला म्हणून उघडू नये, अशी शिफारस आम्ही लेखी देतो, आणि त्या पंपाचे दुरुस्तीचे बिल आम्हाला मिळत नाही हे आम्ही पूर्ण समजून स्वीकारले आहे.