उचल

20 तारीख, रात्रीचे साडेअकरा

शेवटचं थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, नऊ वाजून बारा मिनिटांनी गेलं. दुपारी तीन ते पाच पोर्टलवर नुसतं चक्र फिरत होतं, पण ते दर महिन्याचंच. आजची तारीख चुकली की दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. मी ज्यांची रिटर्न भरते त्या पार्टीचे पैसे जातात, बोलणी मी खाते.

लिहायला बसले ते मात्र सूतवाल्या वहिनींमुळे.

इचलकरंजीत बायकोच्या नावावर फर्म असणं काही नवं नाही. एखाद्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, आधीच्या धंद्यात गेलेला असतो. एखाद्याला उलाढाल जीएसटी नोंदणीच्या 40 लाखांच्या मर्यादेत ठेवायची असते, म्हणून दुसरी पेढी तिच्या नावावर निघते. कागदावर माझ्याकडे बऱ्याच महिला उद्योजक आहेत. चहा प्यायला येतात त्यांचे नवरे.

आज वहिनींचे मिस्टर सूत खरेदीला कोइमतूरकडे गेलेले, फोन बंद. चलन कालच भरलेलं, रिटर्न तयार. अडलं होतं फक्त ओटीपीपाशी. शेवटी घरी फोन लावला. "तो नंबर जुन्या मोबाईलमध्ये आहे ना, आणते मी," म्हणाल्या, आणि पावणेनऊला रिक्षाने आल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच ऑफिसात. सहा आकडे त्यांनी सावकाश, एकेक करून वाचले. मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे माझं नाव आहे ना? या महिन्याचा धंदा किती म्हणायचा?"

मी क्षणभर अडखळले. फी मिस्टर देतात, खोटं कशाला बोलू? पण नोंदणी त्यांची, पॅन त्यांचा. उद्या नोटीस आली तर तीही त्यांच्याच नावाने येणार, आणि प्रोप्रायटरी धंद्यात वसुली मालकाच्या खासगी मिळकतीपर्यंत पोचते. म्हणून सांगितलं: 11 लाख 40 हजार. त्या काही बोलल्या नाहीत. मीच मग टॅलीत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मार्चअखेरचा ताळेबंद काढला.

भांडवल खात्याची पहिली नोंद सोनेतारण कर्जाची. "या माझ्या आईच्या पाटल्या," त्या लगेच म्हणाल्या. त्या सुटल्या का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याखाली वजा बाजूला उचल, 4 लाख 86 हजार.

"उचल म्हणजे?"

"मालकाने धंद्यातून घरासाठी काढलेले पैसे."

"मालक म्हणजे मी?"

"हो."

"मी कधी उचलले?"

मी खातं उघडून दाखवलं. गाडीचा हप्ता. मिस्टरांचा विमा. दिराच्या लग्नातला हॉल. मुलांच्या शाळेची फी मात्र त्यांना पटली, "ही बरोबर आहे," म्हणाल्या. बाकीच्या ओळींवर हळूहळू बोट फिरवत राहिल्या. या सगळ्या नोंदी माझ्याच हाताच्या. व्हॉट्सअॅपवर 'हे वहिनींच्या उचलीत टाका' असा निरोप यायचा आणि मी टाकायचे. हिशेबाच्या दृष्टीने चूक काहीच नाही. पण ज्या बाईचं खातं, तिला चार वर्षांत एकदाही ताळेबंद वाचून दाखवावा असं मला सुचलं नाही. आणि मी 'स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई' म्हणून महिला दिनाला हार घालून घेते!

तेवढ्यात जुना मोबाईल वाजला. रिटर्न दाखल झाल्याचा मेसेज. तोही त्यांनी मोठ्याने वाचला, शेवटचा आकडासुद्धा न गाळता. प्रिंट मागितली. दोन पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि जाताना विचारलं, "मॅडम, हा नंबर बदलून माझा घालायचा तर काय करावं लागतं?"

उद्या अकराला आधार कार्ड घेऊन यायला सांगितलंय. मिस्टरांचा फोन साडेदहाला आला होता. मी उचलला नाही.