व्हॉर्टेक्स सॉलिटॉन, एक फॉर्म आणि ४१ दिवस (माझा अनुभव)

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कोणी फोटॉनिक लॅटिसमधला व्हॉर्टेक्स सॉलिटॉन घेणार असेल तर हे वाचा, मला आधी कोणी सांगितलं असतं तर भर पावसातल्या खानापूर-बेळगाव बसच्या कितीतरी खेपा वाचल्या असत्या.

विषय थोडक्यात असा. सॉलिटॉन म्हणजे न पसरता पुढे जाणारा प्रकाशाचा झोत, आणि फोटॉनिक लॅटिस म्हणजे मटेरियलमधली अपवर्तनांकाची जाळीसारखी नक्षी. व्हॉर्टेक्स म्हणजे प्रकाशाचा भोवरा, मधोमध अंधार, भोवती एक फेरी मारली की फेज (लाटेची अवस्था) पूर्ण ३६० अंश फिरतो. साध्या सेल्फ-फोकसिंग (प्रकाश स्वतःच एकवटतो अशा) मटेरियलमध्ये ही कडी टिकत नाही, तिचे तुकडे होतात आणि ते बाजूला उडून जातात. लॅटिसमध्ये मात्र चार ठिपके चार जागांवर धरून ठेवले जातात, शेजारच्या दोघांत ९० अंशांचा फरक. २००४ मध्ये दोन ग्रुपनी हे एसबीएन (स्ट्रॉन्शियम बेरियम नायोबेट) क्रिस्टलमध्ये प्रत्यक्ष दाखवलंय. सॉलिटॉनचा आकार काढणं मला पटकन जमलं.

अडलं ते पुढे. मी कॉम्प्युटरवर १ टक्का नॉइज (मुद्दाम घातलेली गडबड) टाकून सॉलिटॉन अंतर १०० पर्यंत (समीकरणाच्या एककात) चालवला, चारही ठिपके जागच्या जागी, म्हटलं झालं. सर म्हणाले, "स्टेबल कशावरून? आयगेनव्हॅल्यू काढ." म्हणजे छोटी गडबड वाढते की नाही हे सांगणारे आकडे, ते एका मॅट्रिक्समधून काढायचे. २५६ बाय २५६ ची ग्रिड म्हणजे ६५,५३६ बिंदू, प्रत्येक बिंदूला दोन अज्ञात, म्हणून त्याच्या दुप्पट १,३१,०७२ ओळी आणि तेवढेच कॉलम, एका आकड्याला १६ बाइट धरले तर जवळपास २७५ जीबी मेमरी. माझा लॅपटॉप ८ जीबीचा. मग एका मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरला अकाउंटसाठी अर्ज केला.

पहिल्यांदा गेले तर विभागप्रमुखांचा शिक्का नाही. शिक्का घेऊन गेले तर आयडीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव वेगळं, एका ठिकाणी वडिलांचं नाव आधी आणि एका ठिकाणी नंतर, एवढंच. (फॉर्म कन्नडमध्ये होता, तो मी नीट वाचून भरला होता, तिथे काही चूक नव्हती.) तिसऱ्यांदा, सही करणारे रजेवर, सोमवारी या. सोमवारी गेले तर फाईल दुसऱ्या टेबलावर. असे ४१ दिवस. होणार नाही असं सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं हो, पण कोणी तेही सांगेना. घरी आई रोज विचारायची, "अजून ते फिरालंय काय गं?" आणि मला रडू यायचं.

तिथल्या बाकावर वाट बघत बसूनच फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागे मॅट्रिक्सची एक ओळ लिहून काढली. फायनाइट डिफरन्स (प्रत्येक बिंदूचा हिशोब फक्त शेजारच्या बिंदूंवरून) घेतला तर एका ओळीत शून्य नसलेले आकडे फक्त सहा! बाकी सगळी शून्यं साठवायला मी २७५ जीबी मागत होते. स्पार्स मॅट्रिक्स (फक्त शून्य नसलेले आकडे साठवणारं) करून पायथॉनमध्ये थोड्याच आयगेनव्हॅल्यू मागितल्या, आणि त्याच रात्री, करंट दोनदा जाऊनही, उत्तर माझ्या लॅपटॉपवर आलं.

आणि माझा सॉलिटॉन स्टेबल नव्हताच. एका आयगेनव्हॅल्यूचा रिअल पार्ट ०.०२, आणि तो शून्यापेक्षा मोठा असला की गडबड वाढत जाते. म्हणजे गडबड १०० पर्यंत सातपटच वाढते, डोळ्याला काही दिसत नाही, ३०० पर्यंत मात्र चारशेपट. पुन्हा ३०० पर्यंत चालवलं तर खरंच फुटला. लॅटिस जास्त खोल केली तेव्हा तो रिअल पार्ट गेला, मग कुठे जिवात जीव आला. प्रोजेक्टमधलं हे चॅप्टर माझं सगळ्यात आवडतं आहे.

हां, एक राहिलं, फक्त शून्याजवळच्या आयगेनव्हॅल्यू मागू नका, घातक जोडी बऱ्याचदा इमॅजिनरी अक्षालगत वर कुठेतरी असते, शिफ्ट (ज्या आकड्याच्या आसपास शोधायचं तो) बदलत बदलत शोधा. आणि त्याआधी सॉलिटॉनची एरर (समीकरणात घातल्यावर उरणारी चूक) १०⁻¹⁰ च्या आसपास आणा, नाहीतर खोटी अस्थिरता दिसते, माझे चार दिवस त्यात गेले. मेमरीचा हिशोब अर्ज करायच्या आधी करा, नंतर नाही.

आता षटकोनी लॅटिस घेतलीय. तिथे सहा ठिपक्यांचा चार्ज एकचा (चार्ज म्हणजे एका फेरीत फेज किती वेळा पूर्ण फिरतो) भोवरा फुटतो आणि दोनचा टिकतो, २००९ मध्ये प्रयोगातही तसंच दिसलं. हे मात्र मी पहिल्या दिवसापासून स्पार्सवरच करतेय.