गोटी कुठे थकते?

चार-पाच वर्षांच्या मुलांना वस्तू कशा हलतात ते दाखवायचं असेल, तर बल, घर्षण, गुरुत्वाकर्षण हे शब्द आधी कपाटात ठेवून द्यावेत आणि माळ्यावरची एक फळी काढावी. मीटरभर लांब, फूटभर रुंद, गुळगुळीत. एका टोकाखाली पुस्तकं रचून उंची १० सेंटिमीटर करायची. एवढ्या उतारावरून गोटी साधारण पावणेदोन सेकंदांत खाली येते, म्हणजे नजरेला तिच्यासोबत चालता येतं. हौशी पालक ४० सेंटिमीटरवर जातात. मग गोटी सेकंदाच्या आतच खाली येते, फरशीवर आपटून उडते आणि पुढचा खेळ सोफ्याखाली हात घालण्याचा होतो.

गॅलिलिओचीही अडचण वेगाचीच होती. सरळ खाली पडणारी वस्तू मोजायला सवडच देत नाही. म्हणून त्याने लाकडी तुळईत खाच कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावलं आणि त्यातून कांस्याचा गोळा सोडला. वेळ मोजायला भांड्यातून गळलेल्या पाण्याचं वजन केलं. १६३८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात हा सगळा खटाटोप आहे. आपल्याला पाणी तोलायचं नाही, पण खाच मात्र उसनी घ्यावी: प्लंबरकडून दोन इंची पाइप उभा चिरून आणला की गोटी बाजूला पळत नाही. फळी जमिनीला टेकते तिथे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवावा, नाहीतर ती बारीकशी पायरी गोटीला उडवते.

घराची फरशीही दगा देते. मोरीकडे किंवा बाल्कनीच्या जाळीकडे पाणी वाहावं म्हणून तिला थोडा उतार दिलेला असतो. नुसती गोटी ठेवून बघा. आपण होऊन निघाली तर जागा बदला.

गोटी सोडायची, ढकलायची नाही. हे मुलांना सर्वांत अवघड जातं. उपाय सोपा: पट्टी आडवी धरून गोट्या अडवायच्या आणि पट्टी झटकन उचलायची. त्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वदवून घ्यायचा. मोठी गोटी आधी पोचेल की लहान? बहुतेक मुलं मोठीवर पैज लावतात. दोघी जवळजवळ बरोबरच पोचतात. मग गोटीसमोर चिकटपट्टीची रिकामी रीळ उभी करून सोडा. रीळ मागे पडते, कारण तिचं सगळं वजन कडेला असतं आणि ते फिरवण्यात उताराची बरीच कमाई खर्च होते. हे कारण मुलांना सांगायची घाई नको. सांगितलं की ती फळीकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघू लागतात.

आता खाली एकदा उघडी फरशी, एकदा चटई, एकदा गोधडी. मोजपट्टी नको, वितीने मोजू द्या. पुस्तकं मात्र तेवढीच ठेवायची. उंची आणि अंथरूण दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. गोधडीवर गोटी का थांबली, असं विचारल्यावर 'थकली' हे उत्तर हमखास येतं. खोडू नका. ढकलणारं थांबलं की वस्तू थांबते, असं ॲरिस्टॉटलही धरून चालला होता. फक्त विचारा, 'मग फरशीवर इतक्या उशिरा का थकली?'

तीन वर्षांच्या आतलं मूल आसपास असेल तर गोट्या आणूच नयेत, घशात अडकतात. टेनिसचा चेंडू चालतो.

शेवटी अर्ध्या लिटरच्या तीन सारख्या बाटल्या: एक रिकामी, एक काठोकाठ पाण्याने भरलेली, एकीत तिसरा हिस्सा कोरडी वाळू. पाण्याची बाटली रिकामीला मागे टाकते. कवच फिरतं, आतलं पाणी फारसं फिरत नाही. वाळूची बाटली मात्र उतारावर जागची हलत नाही. ढकललीत तर जरा सरकते आणि पुन्हा बसते, कारण कण एकमेकांवर घासून सगळी गती खाऊन टाकतात. झाकणांना आधी टेप गुंडाळा.