फळ्यावरची एकोणीस नाणी

चिनी लेखक लू शुन यांची ‘खोंग यीची’ ही मोजक्या पानांची कथा मी प्रथम इंग्रजी अनुवादातून वाचली, तेव्हा ती मला एका फजीत पावलेल्या पढीक माणसाची गोष्ट वाटली होती. अलीकडे ती पुन्हा वाचताना मात्र गुत्त्यातल्या उधारीच्या फळ्याकडे लक्ष गेले.

ही कथा १९१९ मध्ये ‘न्यू यूथ’ मासिकात आली. तोपर्यंत सरकारी नोकरीचे दार असलेली शाही परीक्षा बंद होऊन, म्हणजे १९०५ नंतर, चौदा वर्षे उलटली होती. कथेतला काळ मात्र त्याआधीचा आहे. गुत्त्यात बंडीवाले मजूर उभ्याने पितात आणि पायघोळ अंगरखेवाले आत बसून खातात-पितात. अंगरखा घालून उभ्याने पिणारा खोंग यीची एकटाच, आणि तो अंगरखाही दहा वर्षांत धुतला नसावा असा. परीक्षेची पहिली पायरीही त्याला चढता आलेली नाही, तरी बोलणे सारे पोथीतले. दारू गरम करणाऱ्या बारा वर्षांच्या पोऱ्याला तो एकच अक्षर चार तऱ्हांनी कसे लिहितात ते शिकवू पाहतो. पोऱ्या तोंड फिरवतो.

चोरी केली म्हणून खोंग यीचीचे पाय मोडले जातात, आणि मोडायला लावणारा कोण, तर तीच परीक्षा वरच्या पायरीपर्यंत उत्तीर्ण झालेला तिंग. हा तपशील लू शुन एका ओळीत उरकतात, पण मला तो कथेचा कणा वाटतो. परीक्षेच्या जगाची त्यांना घरातून ओळख होती: आजोबांना १८९३ मध्ये परीक्षकाला लाच देण्याच्या प्रकरणात अटक झाली, घर बसले, आणि लहानग्या लू शुन यांना आपल्या दुप्पट उंचीच्या गल्ल्यापुढे उभे राहून घरातल्या चीजवस्तू गहाण टाकाव्या लागल्या.

चीनमध्ये ही कथा शाळेत शिकवली जाते. म्हणूनच २०२३ च्या आरंभी नोकरी न मिळालेल्या पदवीधरांनी आपली पदवी म्हणजे खोंग यीचीचा न उतरणारा अंगरखा आहे असे समाजमाध्यमांवर लिहिले, तेव्हा कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. सरकारी दूरचित्रवाणीने त्यावर सुनावले, की खोंग यीचीची दुर्दशा झाली ती पढीकपणाचा तोरा सोडून श्रम करण्याची त्याची तयारी नव्हती म्हणून. आळस त्याच्यात होता, हे लू शुनही लपवत नाहीत. पण या वाचनात तिंग कुठेच नाही, गुत्त्यात त्याला हसणारे गिऱ्हाईकही नाही.

त्या वर्षी जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटातील बेकारीचा दर २१.३ टक्क्यांवर गेला आणि ऑगस्टमध्ये हा आकडा प्रसिद्ध करणेच काही महिन्यांसाठी थांबवले गेले. मला गुत्त्याचा मालक आठवला. खोंग यीची हातांवर सरपटत निघून गेल्यावर वर्षअखेरीस तो फळा खाली उतरवून म्हणतो, “खोंग यीचीकडे अजून एकोणीस नाणी येणे आहे.” पुढच्या वर्षी ड्रॅगन-नौकांच्या सणालाही तो हेच म्हणतो. शरदातल्या सणाला मात्र तो काहीच बोलत नाही.